सात ते नऊ: इंदिरानगरच्या कट्ट्यावरचं एक प्रकरण

६ फेब्रुवारी २०२४, मंगळवार. इंदिरानगरच्या आमच्या समाजमंदिरात संध्याकाळी सातला चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. सव्वासातपर्यंत एकतीस भरल्या. आठ वीसला मी साउंडच्या टेबलामागून डोकी मोजली, तेव्हा अकरा उरली होती. त्यातले तिघे आम्ही समितीचेच.

कार्यक्रम लता मंगेशकरांच्या दुसऱ्या स्मृतिदिनाचा होता. त्या संध्याकाळी काय बिनसलं, पुढचे सात-आठ महिने काय चाललं आणि कट्टा मोडता मोडता कसा राहिला, ते इथे लिहून ठेवतोय. असे कट्टे नाशकात गल्लोगल्ली आहेत, चालवणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर बरं. नाव कुणाचंच घालत नाही. सगळी माणसं रोज सकाळी भाजीच्या गाडीवर भेटतात आणि मला याच कॉलनीत राहायचंय.

बाकवाले आणि पायरीवाल्या

आमच्या कट्ट्याला दोन जागा आहेत. समाजमंदिरासमोर सिमेंटचे तीन बाक, तिथे पुरुष बसतात आणि गाण्यांवर बोलतात. बाजूच्या पायऱ्यांवर बायका बसतात आणि मालिकांवर बोलतात. हे कुणी ठरवलेलं नाही, पण वर्षानुवर्षं तसंच चालत आलंय. मी साउंड, खुर्च्या आणि वर्गणी बघतो, त्यामुळे दोन्हीकडे ये-जा असते.

बाकांवरचा शब्द सरांचा. निवृत्त हायस्कूल शिक्षक, घरी तीनेकशे कॅसेट. अजून धूळ पुसून, सालवार लावून ठेवतात. कुठल्या गाण्याचा संगीतकार कोण, चित्रपट कुठल्या सालचा, हे विचारायचं तर सरांना. पायऱ्यांवरचा शब्द काकूंचा. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं पिको-फॉलचं दुकान आहे. कुठल्या मालिकेत कोण कुणाशी खोटं बोललं आणि ते कुठल्या भागात उघडं पडलं, हे विचारायचं तर काकूंना.

लताबाईंवर कार्यक्रम करायचा यावर मात्र दोन्हीकडे एकमत होतं. नाशिककरांना तर त्याला कारणंही आहेत. १९८९ चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला आणि दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, हे सर दर भाषणात सांगतात. शिवाय १० फेब्रुवारी २०२२ ला लताबाईंच्या अस्थींचं विसर्जन इथे रामकुंडातच झालं. पंचवटीत ज्यांचं घर आहे त्यांना तो गुरुवार अजून आठवतो.

मग गाडी अडली कुठे?

यादी

गाण्यांची यादी मी केली होती. केली म्हणजे काय, व्हॉट्सॲपवर आलेली ‘लतादीदींची अजरामर गाणी’ अशी एक लांबलचक यादी घेतली आणि त्यातली बारा निवडली. निवेदन सरांनी लिहिलं. नियमही त्यांचेच: फोन बंद, मध्ये बोलायचं नाही, टाळ्या शेवटी एकदाच.

निवेदन माहितीने ठासून भरलेलं होतं, खोटं कशाला बोलू. २४ एप्रिल १९४२ ला मास्टर दीनानाथ गेले तेव्हा लताबाई बारा वर्षांच्या होत्या आणि घराचा भार त्यांच्यावर आला, इथून सुरुवात. मग १९४९ चा ‘महल’. ‘आएगा आनेवाला’च्या पहिल्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं. लोकांनी रेडिओला विचारून विचारून खरं नाव काढून घेतलं. मग सचिनदेव बर्मन आणि लताबाई यांचं बिनसलं आणि साधारण १९५७ ते ६२ त्यांनी एकत्र काम केलं नाही, हेही आलं. ऐकायला छान होतं. पण गाणं चार मिनिटांचं आणि त्याआधीचं बोलणं सहा मिनिटांचं, असं दोन तास चाललं तर देवळातसुद्धा माणूस चुळबुळ करतो.

सव्वासात-साडेसातच्या दरम्यान पहिली गळती लागली. तेव्हा ‘आई कुठे काय करते’ साडेसातला असायची. राहिलेले लोक शांत बसून होते, शोकसभेला बसतात तसे.

आठच्या सुमारास यादीतलं ‘आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे’ लागलं आणि सभागृह एकदम जागं झालं. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरला. मागे कुणीतरी नियम मोडून टाळी दिली, मग सगळ्यांनीच. सरांचाही पाय हलताना मी पाहिला. संपूर्ण संध्याकाळीतलं हे एकच गाणं लोकांनी खऱ्या अर्थाने ऐकलं.

गाणं संपलं आणि मागच्या रांगेतून काकू म्हणाल्या, “गाणं छान आहे हो, पण ही लताबाई नाही.”

सर हसले. “काकू, रफीसाहेब आणि लताबाई. ‘ब्रह्मचारी’, १९६८, शंकर-जयकिशन.”

“साल असेल तुमचं बरोबर. बाई वेगळी आहे.”

त्यावर सर जे बोलले ते बोलायला नको होतं. “काकू, ही तुमची मालिका नाही, इथे मधेच माणूस बदलत नाही.” लोक हसले. मीही हसलो. काकूंनी पिशवी उचलली आणि त्या निघाल्या. त्यांच्या मागोमाग सहा-सात जणी. घड्याळात आठ वीस झाले होते.

निदान चुकलं

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक झाली. साडेआठला ‘ठरलं तर मग’ लागते, म्हणून बायका उठून गेल्या, असा निष्कर्ष निघाला. बायकांना मालिका लताबाईंपेक्षा मोठी वाटते, असं एकाने इतिवृत्तात लिहायलासुद्धा सांगितलं. मी लिहिलं नाही, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल.

निदान पूर्ण खोटं नव्हतं, म्हणूनच ते दोन महिने टिकलं. बायका मालिकेच्या वेळेला गेल्या हे खरंच होतं. पण त्या दुखावून गेल्या, हे कुणी धरलंच नाही. पायऱ्या रिकाम्या राहू लागल्या. कॉलनीच्या ग्रुपवर टोमणे सुरू झाले. कुणीतरी टाकलं, की लताबाईंना स्वतःला ‘सीआयडी’ भारी आवडायची, त्यांनीच बऱ्याचदा सांगितलंय, मग मालिका बघणाऱ्यांना कमी का लेखता? सरांनी त्यावर काही लिहिलं नाही, ग्रुप सोडला. मार्चची वर्गणी निम्मी आली.

तोडगे निघत होते. कार्यक्रम रविवारी घ्या. तासाभराचाच घ्या. एका तरुण सभासदाने सुचवलं की मालिका ॲपवर कधीही बघता येते, बायकांना तेवढं शिकवू. मी हे काकूंच्या कानावर घातलं तर म्हणाल्या, “ॲपवर मला येतं रे बघायला. पण मी रात्री अकराला बघितलं, हिने दुसऱ्या दिवशी दुपारी, तर सकाळी गाडीवर बोलायचं काय? सगळ्यांनी एका वेळी बघितलं तर मजा.”

साडेआठची मालिका म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या गप्पांची सोय. ती चुकली तर बाई पायरीवर नुसती ऐकत बसते, बोलू शकत नाही. आमच्या कार्यक्रमात तर दोन तास कुणालाच बोलायची मुभा नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बोलावं असंही काही घडलेलं नव्हतं. घडलं ते एकच, काकूंचं वाक्य, आणि ते आम्ही हसण्यावारी नेलं होतं.

टीव्हीकडे पाठ

एप्रिलमध्ये आईच्या दोन साड्यांना फॉल लावायला काकूंकडे गेलो. खरं तर वर्गणीसाठी गेलो होतो, साड्या निमित्ताला.

दुपारची अडीचची वेळ. ‘आई कुठे काय करते’ मार्चपासून दुपारी लागायला लागली होती, ती चालू होती. टीव्ही एका स्टुलावर, भिंतीला टेकवून. आणि काकू मशीनवर, टीव्हीकडे पाठ करून! प्रकाश खिडकीतून येतो, म्हणून मशीन खिडकीकडे तोंड करून ठेवलंय. पायाने मशीन चालतं तेव्हा खडखडाटात काही ऐकू येत नाही. म्हणून काकूंचा पाय संवादाच्या बेताने चालतो. पार्श्वसंगीत वाढलं की त्या शिवतात, कुणी बोलायला लागलं की पाय थांबतो, हाताने काठ सारखा करतात. पंधरा मिनिटांत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

म्हणजे या बाई मालिका बघतच नव्हत्या. त्या मालिका ऐकत होत्या, रोज चार-पाच तास, वीस-बावीस वर्षं.

“चेहरे मी जाहिरातीत बघते,” त्या म्हणाल्या. “आवाज मात्र पक्के. मधे एकीत सासू बदलली, घरातल्या सगळ्यांना टीव्हीवर बघून कळलं. मला ‘अगं’ म्हटल्याबरोबर कळलं.” मग त्यांनी त्या गाण्याचा विषय स्वतःच काढला. लताबाई शब्द संपवताना तो धारदार तुटतो, या बाईचा मऊ सुटतो. आणि लताबाईंचा श्वास ऐकू येत नाही, या बाईचा एके ठिकाणी आला.

श्वासाचं माझ्या कानाला तेव्हाही कळलं नव्हतं, आजही कळत नाही. पण श्वास कुठे घ्यायचा आणि माइकपासून कसा लपवायचा हे आपण अनिल विश्वासांकडून शिकलो, असं लताबाई सांगत, हे मला सरांच्याच निवेदनामुळे ठाऊक होतं.

घरी येऊन तपासलं. ‘आजकल तेरे मेरे’ महंमद रफी आणि सुमन कल्याणपूर यांचं आहे.

अगदी सुमनताई! ‘केशवा माधवा’ ज्यांच्या आवाजात आपण लहानपणापासून ऐकलं त्या. साठच्या दशकाच्या सुरुवातीला रॉयल्टीच्या प्रश्नावरून रफी आणि लताबाईंचं वाजलं, काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत, त्या काळात रफींबरोबरची बरीच युगुलगीतं सुमनताईंकडे आली. आवाजात साम्य इतकं की ती गाणी तेव्हापासून लताबाईंच्या खात्यावर जमा होत राहिली. २०२३ ला त्यांना पद्मभूषण मिळालं तेव्हाही आमच्या ग्रुपवर कुणीतरी अभिनंदनासोबत लताबाईंचं गाणं टाकलं होतं. म्हणजे उलटा घोळ.

यादी पुन्हा काढून बघितली तर आणखी एक निघालं, ‘ना तुम हमें जानो’. ‘बात एक रात की’, १९६२, संगीत सचिनदेव बर्मन, आवाज हेमंतकुमार आणि सुमन कल्याणपूर. इथे मला खरी शरम वाटली, कारण बर्मनदादा आणि लताबाई त्या वर्षांत एकत्र काम करत नव्हते हे सरांनी त्याच संध्याकाळी माइकवरून सांगितलं होतं आणि नंतर अर्ध्या तासाने मी हे गाणं लावलं होतं. इतकी माणसं बसली होती. एकाच्याही डोक्यात आलं नाही. सरांच्यासुद्धा.

का नाही आलं? याचं उत्तर मला अजून तरी एकच सुचतं. आम्ही लताबाईंना ऐकायला बसलोच नव्हतो, नमस्कार करायला बसलो होतो. मूर्ती कुणी उलटून बघत नाही. काकूंना मात्र आवाज म्हणजे रोजचं काम, त्यांनी सासूचा जसा पकडला तसा हाही पकडला.

कॅसेट

सरांना हे सांगायचं कुणी, यात दहा दिवस गेले. शेवटी मी फोनवर सांगितलं. सर म्हणाले, “बघतो,” आणि फोन ठेवला.

पुढचं काकूंच्या तोंडून कळलं. सर एका सकाळी दुकानात आले, बायकोची साडी फॉलला दिली. काठ कसा हवा, कधी मिळेल, सगळं बोलून झालं. जाताना खिशातून एक जुनी कॅसेट काढली, डबीतला कागद उलगडून कात्रीशेजारी ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरांत छापलं होतं: रफी, सुमन कल्याणपूर. “माझ्याच घरात होती,” एवढं म्हणाले. माफी वगैरे काही नाही. काकूंनीही मागितली नाही. साडी एका दिवसात करून दिली आणि पैसे मात्र पूर्ण घेतले.

दुसरा डाव

पुढचा कार्यक्रम २८ सप्टेंबर २०२४, लताबाईंचा वाढदिवस. या वेळी वेळ काकूंनी ठरवली. मापं लिहायच्या वहीत त्यांनी पानभर रकाने आखले होते: कुठल्या घरात किती वाजता कुठली मालिका, स्वयंपाक कधी, नातवंडं क्लासवरून कधी येतात. साडेसहा ते दहा हा पट्टा गच्च भरलेला. मोकळी वेळ निघाली शनिवारी चार ते सहा. आम्ही तीन वर्षं सातच्या खुर्च्या मांडत होतो, कारण पुरुषांना सातला काही काम नसतं.

पितृपक्ष होता म्हणून थोडी कुरकुर झाली. त्यात एकादशी, त्यामुळे चहाबरोबर बटाट्याचा उपवासाचा चिवडा. खुर्च्या गोल मांडल्या. निवेदन नाही. दहाच गाणी, आणि प्रत्येक गाण्यानंतर पाच मिनिटं ज्याला वाटेल त्याने बोलायचं. यादी सरांनी केली, प्रत्येक गाणं कॅसेटच्या कागदावर ताडून.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका गृहस्थांनी पाच मिनिटांची सतरा घेतली आणि गाण्याऐवजी स्वतःच्या बदल्यांचा इतिहास सांगितला. नंतर मालिकांनी बैठकीचा ताबा घेतला. अरुंधती, म्हणजे ‘आई कुठे काय करते’ची नायिका, संसारात गाणं मागे टाकलेली आणि पुढे पुन्हा गायला लागलेली बाई. तिच्यावर वीस मिनिटं वाद: चाळिशीनंतर असा आवाज लागतो का, घरच्यांनी तिला साथ दिली की नाही. सर उठून बाहेर पाणी प्यायला गेले. मीही हात चोळत बसलो होतो.

तेवढ्यात एरवी फारसं न बोलणाऱ्या एक आजी म्हणाल्या, “अरुंधतीला घरासाठी गाणं सोडावं लागलं. लताबाईला घरासाठी गाणं धरावं लागलं. दोघींना विचारलं कुणी?”

सर दारातच थांबले होते. आत आले, बसले, आणि १९४२ ची तीच गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली, फेब्रुवारीत माइकवरून सांगितली होती ती. या वेळी दोन मिनिटांत, माइकशिवाय. बारा वर्षांची मुलगी, चार धाकटी भावंडं. अरुंधतीवर भांडणाऱ्या सगळ्या ऐकत होत्या. ‘साधी माणसं’ चित्रपटाचीही गोष्ट निघाली: राज्य पुरस्काराला संगीतकार ‘आनंदघन’ यांचं नाव पुकारलं, कुणी उठेना, आणि मग कळलं की त्या नावामागे लताबाई आहेत. यावर पायरीवाल्यांमध्ये जी चर्चा झाली ती एखाद्या मालिकेतलं गुपित फुटल्यावर होते तशीच. नाव का लपवलं असेल, कुणाला माहीत असेल, पुरस्कार मिळालाच नसता तर सांगितलं असतं का? सर प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होते. इतके प्रश्न त्यांना वर्गातही कुणी विचारले नसतील.

पंचवटीहून लेकीकडे आलेले एक आजोबा होते. ते रामकुंडाच्या त्या सकाळचं बोलले. वसंत पंचमीच्या दुसऱ्या दिवशी लताबाई गेल्या, चौथ्या दिवशी अस्थी इथे आल्या. “तिथे रोज कुणाच्या ना कुणाच्या अस्थी येतात. त्या दिवशी एकच फरक. आलेला प्रत्येक माणूस मनात एखादं गाणं म्हणत होता, आणि प्रत्येकाचं वेगळं.” यानंतर पाच मिनिटं बोलायला कुणी तयार होईना, म्हणून मी पुढचं गाणं लावलं.

शेवटी काकूंनी खेळ काढला. मोबाइलवर मालिकांची शीर्षकगीतं लावायची, आवाज कुणाचा ते सांगायचं. १९९९ च्या ‘आभाळमाया’चं लागलं तेव्हा पायरीवाल्यांना चाल, शब्द सगळं पाठ, गायिकेचं नाव येईना. सरांनी शीर्षकगीत कधी ऐकलं नव्हतं. दोन ओळी कान देऊन ऐकल्या आणि म्हणाले, “देवकी पंडित.” त्यांच्या मैफली सर ऐकत आलेले. काकू म्हणाल्या, “बघा, तुम्हालाही येतंय.”

सहाला संपायचं ते पावणेसातला संपलं. खुर्च्या पंचेचाळीस लागल्या, पाच शेजारच्या क्लासमधून आणल्या.

जानेवारी

नवरात्राच्या ब्लाउजांची गर्दी ओसरल्यावर काकूंनी मागणी केली, की ज्या बाईंमुळे हे सगळं झालं त्यांचाही कार्यक्रम व्हायला हवा. सुमन कल्याणपूर यांचा वाढदिवस २८ जानेवारी. २०२५ ला तो मंगळवारी आला. समाजमंदिर दुपारी योगवर्गाला दिलेलं, त्यामुळे नाइलाजाने पुन्हा सात ते नऊ.

सरांनी बारा गाणी काढली. काकूंच्या वहीत यादी उतरवली गेली आणि शेवटचा एक रकाना त्यांनी स्वतः आखला: ‘लोकांना कुणाचं वाटतं’. बारापैकी सात गाण्यांपुढे तिथे लताबाईंचं नाव आलं.

सव्वाआठला ‘आजकल तेरे मेरे’ झालं. टाळ्या झाल्या. काकूंनी पिशवी उचलली, चपला घातल्या, आणि त्यांच्यामागून चौघी उठल्या. सरांनी हातातला कागद खाली केला.

“काकू, उद्या सांगा काय झालं ते,” सर म्हणाले आणि मला पुढचं गाणं लावायची खूण केली.